पाठमोरी घरं

खाडीच्या मुखावरचा हा किल्ला कधी पोर्तुगिजांकडे होता, कधी मराठ्यांकडे. त्यांच्या सगळ्या लढाया मला पाठ. आज तिथल्या तोफेवर हात ठेवून मी ऐटीत फोटो काढून घेतला. फोटो काढणारी कोकम सरबतवाली मावशी फोन परत देत म्हणाली, "पलीकडच्या काठावरचं माझं माहेर पण फोटोत आलंय बघा."

त्या गावातली सगळी घरं खाडीकडे पाठ करून उभी होती. एवढा वारा सोडून असं का, मी विचारलं.

"आमच्यात खाडीकडे दार ठेवत नाहीत. का, ते आता कुणालाच ठाऊक नाही."

मला एकदम कळलं. एवढ्या लढाया वाचल्या, पण गोळे कुणाच्या अंगणात पडत होते, हे कधी मनातही आलं नव्हतं. माझा हात अजून तोफेवरच होता.