बाबांच्या शेजारची जागा

गाडी हलली तेव्हा नंदा मुगडाळीचे तळलेले मंगोडे खात होती. पांढुर्ण्याच्या फलाटावर, बाबांना खेटून, हातात कागदाचा पुडा. नंदा माझी धाकटी बहीण. रडत होती आणि खातही होती. मी नागपूरला, तिथून मुंबईला आणि पुढं विमानानं मस्कतला निघाले होते, एका दवाखान्यात नर्स म्हणून. खिडकीतून हात हलवताना मनात आलं, हिला हे उद्याही मिळणार. परवाही. निरोपाचं रडू यायच्या आधी मला तिचा हेवा वाटला.

नोकरी पक्की झाली तेव्हा बाबा म्हणाले होते, "तिकडं मनासारखं खायले भेटन का नाही, कोण जाणे. जे जे खावंसं वाटते ते सांग. जाऊ आपण." बाबा नगरपालिकेच्या पाण्याच्या टाकीवर कामाला. त्यांनी बाहेर खायला न्यावं, ही आमच्या घरात नवलाची गोष्ट. माय कापूस वेचून यायची, तिला हे पटलं नाही. "घरी काय भाकर नाही?" म्हणाली, आणि आली नाही.

मी सौंसर सांगितलं. बसस्टँडजवळच्या हॉटेलातला आलुबोंडा, वरून हरभऱ्याची लाल, झणझणीत तर्री. नर्सिंग शिकताना नागपूरहून येता-जाता मी मैत्रिणींबरोबर तिथं खायची. एका रविवारी आम्ही तिघं बसनं गेलो. नंदा आणि मी आत जाऊन बसलो, पण बाबा पायरीशीच थांबले. "तुम्ही खा. मी आहो इथंच."

मला कारण माहीत होतं. बाबा मोहगावचे. ते तरुण असताना आमच्या लोकांचा कप वेगळा असे, बाहेर टांगलेला. चहा बाहेरच प्यायचा आणि कप आपणच विसळून ठेवायचा. पुढं आम्ही बौद्ध झालो, दिवस बदलले, कपही गेले. पण बाबा कुठल्या हॉटेलची पायरी चढले नव्हते. चहा पाजतो म्हणणाऱ्याला सांगायचे, "आताच घेतला."

मी उठून बाहेर आले. "तुम्ही नाही बसले त मी बी नाही खात. अशीच जाईन मस्कतले."

बाबांनी माझ्याकडं पाहिलं, मग गल्ल्यावरच्या मालकाकडं. आत आले आणि बाकाच्या अगदी टोकाला, माझ्या शेजारी बसले. पहिला घास खाली मान घालूनच घेतला. अर्धा आलुबोंडा संपल्यावर त्यांनी मान वर केली आणि आवाज चढवून, अख्ख्या हॉटेलाला ऐकू जाईल असं म्हणाले, "तर्री आण बरं अजून." आयुष्यात मी कुणासाठी काही केलं असेल तर ते हेच, असं मला त्या दिवशी वाटलं.

मस्कतच्या होस्टेलात केरळच्या मुली होत्या. त्यांची माणसं सारखी येत-जात, लोणची आणि सुकी मासळी घेऊन. मी एकटी. एकदा बेसन आणून आलुबोंडे केले. मुलींनी आवडीनं खाल्ले. मला ते दुसऱ्याच कुणाचे वाटले.

मग नागपूरकडच्या एका बाईंबरोबर घरून कॅसेट आली. तेव्हा आमच्यासारखे लोक पत्राऐवजी आवाज भरून पाठवायचे. माय दोन शब्द बोलून गप्प झाली. नंदा मात्र बोलतच होती. "ताई, काल बाबा अन् मी सौंसरले गेलतो. आता दर रविवारी जातो आम्ही. मालक बाबाले न विचारताच तर्री वाढते." मागून बाबांचा आवाज आला, "तिले काऊन सांगून राहिली? जीव तुटन ना तिचा."

मी टेप मागं घेऊन तेवढंच पुन्हा ऐकलं. बाबांना त्या बाकावर मी बसवलं होतं, आणि माझी जागा नंदानं घेतली होती. वर आता दोघांचं माझ्यापासून लपवायचंही काही होतं. मस्कतला सुट्टी शुक्रवारी. रविवारी ड्युटी असायची. रुग्णाची नाडी धरलेली असायची आणि डोक्यात यायचं, आता बस संत्र्याच्या बगिच्यांतून चालली असेल, खिडकीशी नंदा.

पहिल्या रजेवर घरी आले तेव्हा बाबाच म्हणाले, "चाल, सौंसरले जाऊ." मालकानं दोघांच्या प्लेटा न विचारता ठेवल्या आणि मला म्हणाला, "तुमच्यासाठी काय आणू, बाई? तिखट चालन ना?"

"माही मोठी पोरगी आहे. मस्कतले राहते," बाबा अभिमानानं म्हणाले. पण तिखट चालेल की नाही, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. पहिल्याच घासाला मला ठसका लागला. नंदानं पाणी पुढं केलं. ते न घेता मी म्हणाले, "तुझी मजा आहे बाप्पा. दर रविवारी."

बाबा हात धुवायला गेले तेव्हा ती हळूच बोलली. "तू गेली अन् बाबा जेवेचनात. सुट्टीच्या दिवशी फलाटावर जाऊन बसत. मी त्यायले उठवून इकडं आणत होती, तवा कुठं दोन घास खात. मले बी नर्स व्हायचं होतं, ताई. माय म्हणे, एक गेली तेवढी पुरे."

मी पाणी घेतलं.

हे ऐकून माझा हेवा गेला, असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. तो वाढला. बाबांना सावरायची वेळ आली, तेव्हाही शेजारी नंदाच होती. पुढं तिचं लग्न सौंसरातच झालं. बाबांचं शेवटचं आजारपण तिनंच काढलं. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

पांढुर्ण्याचं घर आता दुसऱ्यांचं आहे. मस्कतमध्ये माझा संसार झाला, इथं मुलं वाढली, ती मला मोठमोठ्या हॉटेलांत नेतात. शेजारच्या टेबलावर कुणी काय खातंय, याचं मला काही वाटत नाही. पण नंदा फोनवर सहज म्हणाली, "आज अंबाडीची भाजी केलती," की माझा घास अडतो. तुमच्यातले जे माझ्यासारखे निघून गेले, त्यांना हे कळेल. जे मागं राहिले, त्यांनी रागावू नये. परक्याच्या ताटाचा इतका हेवा कुणी करत नाही. नंदाच्या ताटाचा मी अजून करते, म्हणून समजते की माझं घर तिथंच आहे.