शेजारणीचं जपान

डांबरगोळ्यांचा वास आला की मला पुंडलिकनगरातली ती दुपार आठवते. शेजारचे नवराबायको नुकतेच नोकरीतून निवृत्त झाले होते आणि वर्षभर जग फिरायची तयारी करत होते. भर मे महिन्यात त्यांनी अंगणात स्वेटर वाळत घातले होते, आणि ओट्यावर जगाचा नकाशा पसरून कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या होत्या. मी कैऱ्या द्यायला गेले, तर ते बायकोला विचारत होते, “तुला कुठं जास्त दिवस राहायचंय, ते आधी सांग. बाकीचं मग बसवू.” ती सावकाश विचार करून म्हणाली, “जपानला.” माझ्या पोटात दुखायला लागलं. चहा न घेताच मी परतले. घरी हे वाळूजला कंपनीत सेकंड शिफ्टला निघाले होते. मी डबा भरता भरता विचारलं, “सगळं जग फिरायला मिळालं, तर मी कुठं जाईन, सांगा बरं.” बुटाची नाडी बांधत हे म्हणाले, “तू व्हय? तू माहेरी जाशील, अन् चार दिवसांत परत येशील.” डबा मी हातात न देता पायरीवर आपटला. आज इतक्या वर्षांनी कबूल करते, उत्तर अगदी बरोबर होतं, आणि मला राग त्याचाच आला होता.