परत न आलेल्यांचा खण

रविवारी चर्चमधून आलं की आधी सगळ्यांनी माना बसवून घ्यायच्या आणि मगच ताटावर बसायचं, हा आमच्या घरचा शिरस्ता. सासऱ्यांपासून चालत आलेला. स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत एक बाक आहे. त्यावर आडवं व्हायचं, माझा नवरा व्हर्लिन मणक्यांवरून बोटं फिरवणार, कडाक् आवाज आला की उठायचं. आमची ब्रिटा चार दिवसांची असल्यापासून तिची मान बापाच्या हातात.

व्हर्लिन अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, आमच्या नदीकाठच्या गावात कायरोप्रॅक्टर आहे. गोळी नाही, सुई नाही, नुसत्या हातांनी मणके जागेवर आणायचे. एकतीस वर्षं मी त्याच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसते. कार्डावर नाव लिहायचं, काय दुखतंय ते एका ओळीत लिहायचं आणि माणूस आत सोडायचा. जे पुन्हा फिरकत नाहीत त्यांची कार्डं खालच्या खणात. "परत आला नाही म्हणजे बरा झाला, आर्डिथ! याहून मोठा पुरावा कुठला हवा?" असं व्हर्लिन म्हणायचा. मलाही पटायचं. खण भरला की मी मारे शेजारणींना सांगायची.

मग पोरगी त्याच विद्येच्या कॉलेजात गेली आणि 'पुरावा' हा शब्द आमच्या घरात शिवीसारखा ऐकू यायला लागला.

"बाबा, आम्ही वर्गात करून पाहिलं," ती एकदा जेवताना म्हणाली. "एकाच पाठीवर दोघांनी बोटं फिरवून पेन्सिलीने खूण करायची. दोघांच्या खुणा एका जागी येतच नाहीत."

"मग दोघांची बोटं आंधळी!"

"आणि प्राध्यापकांची? त्यांची खूणही जुळली नाही."

तो ताटावरून उठला. मी तिला डोळ्यांनी गप्प केलं. लेकीने बापाला शिकवावं, हे मलाही रुचलं नव्हतं, खोटं कशाला बोलू?

तिचं शेवटचं वर्ष सुरू झालं. सप्टेंबरातल्या एका शनिवारी व्हर्लिनने दवाखान्याचा नवा फलक दारावर ठोकला आणि शिडीवर चढून, मान मागे टाकून, तीन तास रंगवला. त्याच्या नावाखाली ब्रिटाचं नाव. माणूस नुसता हवेत होता.

रविवारी ती घरी आली, आणि जेवणाआधी व्हर्लिन स्वतःच बाकावर जाऊन पडला.

"ये गं. दुसरा मणका सरकलाय, उजवीकडे. बसव बघू, काय शिकलीस ते कळू दे."

तिने त्याचं डोकं दोन्ही हातांत घेतलं आणि थांबली. "कधीपासून दुखतंय?"

"कालपासून. असलं कधी दुखलं नव्हतं. उजवीकडचं डोकंही ठणकतंय."

"आई, इकडे ये. बाबांची पापणी बघ."

उजवी पापणी जराशी खाली आली होती. "झोप झाली नसेल," मी म्हटलं.

ब्रिटाने हात काढून घेतले. "मी मानेला हात लावणार नाही. हॉस्पिटलात चला."

"हॉस्पिटल?" तो पडल्या पडल्याच ओरडला. "तुझ्या नावाचा रंग अजून ओला आहे, आणि तू मला हॉस्पिटल सांगतेस? कागद वाचून वाचून हात मेले तुझे! जमत नसेल तर तसं सांग, आत्ता जाऊन नाव पुसतो."

आणि मी काय म्हणाले? "अगं, एवढं काय नाटक! बाप आहे तुझा. दे एक झटका आणि जेवायला चला, ओव्हनमधलं करपतंय." हे मी म्हणाले. माझ्याच तोंडाने.

"पुसा नाव," ती म्हणाली. गाडीच्या किल्ल्या तिने हातात घेतल्या होत्या. "पण आधी गाडीत बसा."

तो तावातावाने उठला आणि त्याचा तोल गेला. भिंतीला धरून क्षणभर उभा राहिला, आणि मग गाडीत जाऊन बसला.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मानेतली रक्तवाहिनी आतून फाटली आहे. "कुणी मान मोडली-बिडली नाही ना? एका झटक्यात अर्धं अंग गेलं असतं. किंवा माणूसच."

ब्रिटा नाही म्हणाली.

बाहेर बाकड्यावर ती माझ्या खांद्यावर कोसळली. "आई, मला खात्री नव्हती गं. मंगळवारी कॉलेजात प्रश्नावली भरून घेतली. उपचार ठरवताना कशावर विसंबता, संशोधनावर की वडीलधाऱ्यांच्या अनुभवावर? मी अनुभवावर खूण केली. बाबांना आवडलं असतं म्हणून. त्यांना दिसणारही नव्हतं ते."

पाच दिवसांनी तो घरी आला. जन्मात गोळी न घेतलेला माणूस आता रक्त पातळ करायच्या गोळ्या घड्याळ लावून घेतो. फलकावरचं ब्रिटाचं नाव त्याने पुसलं नाही.

सोमवारी मी एकटीनेच दवाखाना उघडला, लोकांना फोन करून येऊ नका म्हणून सांगायला. आणि कोण जाणे का, खालचा खण ओढला. 'मान. कालपासून. असं आधी कधी नाही.' माझंच अक्षर. खाली आणखी एक तसंच कार्ड. दुपारपर्यंत सात निघाली. सगळ्यांना मीच आत सोडलं होतं. सगळ्यांत वर लॉरेटा, उत्तरेच्या रस्त्यावरच्या शेतातली. एकदाच आली होती, पंधरा वर्षांपूर्वी.

कार्ड घेऊन घरी गेले. "व्हर्लिन, ही परत का आली नाही?"

त्याने कार्ड हातात घेतलं. "बरी झाली असेल," तो म्हणाला. पण हळू, आणि मला विचारल्यासारखं.

मी तिथूनच फोन लावला. एका पुरुषाने उचलला.

"लॉरेटा आहे का?"

पलीकडे चालू असलेला रेडिओ बंद झाला. मग तो म्हणाला, "कोण विचारतंय?"

मी दवाखान्याचं नाव सांगितलं आणि रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून ठेवला.