भाच्याला लिहिलेली नोटीस

पद्मिनीआत्या टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. म्हणूनच की काय, कुठलीही गोष्ट सांगताना ती दोन्ही टोकांचं बोलायची. इकडचा आवाज, तिकडचा आवाज, मध्येच लाइन तुटल्यासारखी शांतता. ही गोष्ट तिच्या तोंडून मी दर सुट्टीत मागून मागून ऐकली. ती जाऊन दोन वर्षं झाली, पण आवाज अजून कानात आहेत.

रायपूरच्या बुढापाऱ्यात, तलावाकडे जाणाऱ्या गल्लीत आजोबांचं घर होतं. दोन खोल्या, एक ओसरी, मागे पेरूचं झाड. नीलकंठ आजोबा शाळेतून निवृत्त झालेले. संध्याकाळी ते ओसरीवर मोठ्यानं पेपर वाचायचे, आत्या मटार सोलायची आणि येणारेजाणारे स्कूटर हळू करून म्हणायचे, "सरजी, प्रणाम!" शहर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं. लाल दिव्याच्या गाड्या त्या गल्लीत अडकत आणि मागून रिक्षावाले साहेबलोकांना खुशाल ओरडत, "किनारे कर ना गा!" जमिनीच्या भावाशिवाय कुणी काही बोलत नव्हतं.

अशात एक माणूस मोजायची टेप घेऊन अंगणात शिरला.

"अंकल, ज़रा पैर उठाइए. आप यहाँ किराएदार हैं?"

"मैं मालिक हूँ," आजोबा म्हणाले.

"अच्छा? बेच तो गौतम भैया रहे हैं."

आत्या तेवढ्यात सकाळची ड्युटी आटपून दारात आली होती. तिनं टेपचं दुसरं टोक उचललं, त्या माणसाच्या हातात ठेवलं आणि फाटकाकडे बोट दाखवलं. मग आजोबांसमोर येऊन बसली.

"बाबा, कायच्यावर सही केली तुम्ही?"

"गौतमनं कागद आणला होता. घरपट्टी, नळाचं, विजेचं. म्हाताऱ्या माणसानं चकरा काहून माराव्या, म्हणे. नोटरीकडे त्यानंच नेलं."

"वाचला?"

"भाच्यानं पुढे केलेला कागद वाचून पाहू? त्याच्यासमोर?"

इथं एक सांगायला हवं. आमचं घराणं भोसल्यांच्या काळात इकडे आलं. बोली टिकवली, पुरणपोळी टिकवली, पण इथली एक रीत मात्र रक्तात भिनली. छत्तीसगडात मामा भाच्याच्या पाया पडतो. कौसल्या या मुलखाची लेक, म्हणून राम सगळ्यांचा भाचा, आणि म्हणून प्रत्येक भाचा थोडाथोडा राम. गौतमकाका आजोबांच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. गुढियारीत त्याचा ट्रान्सपोर्टचा धंदा. तो पोरवयाचा असल्यापासून आजोबा त्याच्या पाया पडत आले. पोरांच्या वहीतली एक चूक न सोडणाऱ्या मास्तरांनी आयुष्यात एकाच कागदावर न वाचता सही केली, ती यावर. कुलमुखत्यारपत्र. घर सांभाळण्याचे, भाड्यानं देण्याचे, विकण्याचे सगळे अधिकार भाच्याला.

आत्या कोर्टातल्या एका वकीलबाईंना भेटून आली. "विक्री अजून झाली नाही, बाबा. तुम्ही दिलेला अधिकार तुम्हाले परत घेता येते. रद्द केल्याचा कागद रजिस्टर करायचा, गौतमले नोटीस द्यायची, पेपरात छापायचं. पण लवकर. आणि तुम्हालेच जावं लागीन."

"मी नाही जात."

"काहून?"

"भाच्याविरुद्ध? पाप लागते, पद्मिनी."

"रामानं कौसल्येचं माहेर विकाले काढलं होतं का?"

आजोबा भिंतीकडे तोंड करून झोपले.

नागपुरातून माझ्या बाबांनी फोनवर सुचवलं, "तू तुझ्याच नावानं मुखत्यारपत्र करून घे ना. बाबा तुले नाही म्हणणार नाहीत. विषय संपला."

"विषय नाही, बाबाच संपतीन," आत्या म्हणाली. "मग माझ्यात अन् गौतमात फरक काय रे? सहीचा हात त्यायचा, डोकंही त्यायचंच राहू दे."

आणि तिनं आजोबांपाशी विषय काढणं सोडलं. फक्त वकीलबाईंनी दिलेला मसुदा मोठ्या अक्षरात उतरवून ओसरीवर ठेवला. आजोबा पेपर वाचत, त्याला हात लावत नसत.

तिसऱ्या दिवशी गौतमकाका स्वतःच आला. आजोबा रीतीप्रमाणे उठले, गुडघ्यांवर हात टेकत वाकले. एरवी तो "अरे मामाजी, बस, बस" करत पाय मागे घ्यायचा. त्या दिवशी तो मोबाइलवर बोलत होता. बोलता बोलता त्यानं पाय पुढे केला. आत्या हे सांगायची तेव्हा स्वतःचा पाय तितकाच, दोन बोटं, पुढे सरकवायची.

फोन ठेवून तो म्हणाला, "मामाजी, आप टेंशन मत लो. उरला इंडस्ट्रियल एरिया की तरफ़ एक कमरा देख लिया है आपके लिए. धूल थोड़ी है, पर हवादार है."

"और पद्मिनी?"

"दीदी को तो सरकारी क्वार्टर मिल जाएगा ना."

"हव," आजोबा म्हणाले. त्याला चहा दिला. तो गेल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि ओसरीवरचा मसुदा उचलला. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, मोठ्यानं वाचला. पेन्सिलीनं दोन चुकाही काढल्या.

"पद्मिनी, रिक्षा बोलाव."

रजिस्ट्रीच्या कचेरीत साहेबांनी विचारण्याआधीच आत्या खोलीबाहेर जाऊन उभी राहिली. दार उघडंच होतं.

"बाबूजी, ये आप किसी के कहने पर तो नहीं कर रहे?"

"साहब, किसी के कहने पर तो पिछला वाला किया था."

नोटीस टपालात टाकायच्या दिवशी मात्र मास्तर अडून बसले. वकीलबाईंनी टाइप केलेल्या मजकुराच्या वर त्यांनी शाईनं लिहिलं होतं, 'चिरंजीव भाचे गौतम यांस मामाचा चरणस्पर्श.'

"अंकल, नोटिस में चरणस्पर्श नहीं लिखते," वकीलबाई हसू दाबत म्हणाल्या.

"नीचे आपका क़ानून लिखा है ना? उसमें मैंने हाथ नहीं लगाया. ऊपर की लाइन मेरी."

"राहू द्या," आत्या म्हणाली. "अधिकार काढून घेतला, नातं थोडीच."

नोटीस तशीच गेली, रजिस्टर पोस्टानं. पेपरातही चार ओळी आल्या. टेपवाला पुन्हा दिसला नाही. आठवड्यानं गौतमकाकाच्या सहीची पोच आली. आत्यानं ती उजेडात धरून नीट पाहिली.

"बाबा, मिळाली त्याले. आता घराले कोणी हात लावत नाही."

आजोबा पेपरातून मान वर न करता म्हणाले, "अन् नमस्कार?"

"तोही पोचला."

"मंग झालं. मटार आण इकडे, मीही सोलतो."