आईचा आवाज जसाच्या तसा ठेवणारं सॉफ्टवेअर कोणतं?

सॉफ्टवेअरवाल्यांनो, फुकट म्हणून सांगता, सोपं म्हणून सांगता, आणि व्हिडिओ तयार झाला की माणसाच्या तोंडावर कंपनीचं नाव छापता, ही कुठली रीत?

माझी आई दिवाळीत गेली. येत्या सोमवारी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तिच्या नावाची पहिली घागर भरायची आहे. दर आखाजीला ती झोक्यावर गाणी म्हणायची, त्यांच्या व्हिडिओचे तुकडे माझ्या मोबाईलमध्ये आहेत. घागरीजवळ सगळ्यांना ऐकवू म्हणून आज घरच्या कॉम्प्युटरवर एका फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडायला बसले.

त्या सॉफ्टवेअरने आईच्या कपाळावर आपलं नाव टाकलं आणि न विचारता तिच्या आवाजाच्या जागी आपलंच संगीत वाजवलं.

बाबा मागे उभे होते. म्हणाले, "तोंड हाली ऱ्हायनं माय, पन तिना आवाज कोठे शे?"

मी म्हटलं, "बाबा, मशीन येडं शे."

ते ओट्यावर जाऊन बसले. जेवले नाहीत.

मी चौथी शिकलेली. मला फुलं नकोत, नाचणारी अक्षरं नकोत. तुकडे जोडायचे आणि आईचा आवाज ठेवायचा, एवढंच. जुन्या कॉम्प्युटरवर चालेल, परवडेल असं कोणी स्वतः वापरलंय का? उत्तरात नुसते हात जोडू नका, सॉफ्टवेअरचं नाव सांगा. शनिवारपर्यंत सांगा. सोमवारी बाबा परत विचारतील.