फ्लॉपीवरचं लाखेचं सील

बोईसरचं ते फ्लॉपीचं प्रकरण मी विसरलेलो नाही. विसरता आलं असतं तर बरं झालं असतं. मुदतीआधी नोकरी सोडली तेव्हापासून ओळखीचे लोक म्हणतात, साहेब, काही आठवणी सांगा. मी दरोड्यांच्या सांगतो, खाडीत उतरवलेल्या चोरट्या मालाच्या सांगतो. ही कधी सांगितली नाही. आज सांगतो. नाव कुणाचंच घेणार नाही. प्रत्येकाच्या वाट्याला त्यानं केलेलं काम मात्र येईल, माझ्याही.

नव्वदीच्या दशकाची पहिली वर्षं. मी औद्योगिक वसाहतीच्या हद्दीत उपनिरीक्षक होतो. रोजचं काम म्हणजे मशीनमध्ये हात गेलेला कामगार, भंगाराच्या चोऱ्या, आणि नाक्यावर दारू पिऊन झालेली मारामारी. कारखान्यांच्या ऑफिसांत तेव्हा नुकते कॉम्प्युटर आले होते. काचेची वेगळी खोली, यंत्रावर कापडी झाकण, आणि चपला बाहेर काढून आत जायचं. मॅनेजरसुद्धा मोज्यांवर आत जायचे. देवघराइतका मान, आणि भीतीही तेवढीच.

पहिली खबर कुंभवली नाक्यावरच्या चहावाल्याकडून आली. तो आमचा जुना खबरी.

"साब, एक आदमी घूमता है इधर. कम्प्यूटर का डॉक्टर बोलते हैं उसको. जिधर जाता है उधर मशीन ठीक होती है, और थोडे दिन में फिर मर जाती है. फिर उसी को बुलाते हैं."

"तुला काय वाटतं?"

"मेरे को क्या. मैं तो चाय बेचता हूँ. लेकिन ऐसा डॉक्टर मेरे को भी बनना है."

दुसऱ्याच दिवशी एका रंगाच्या कारखान्याचे मॅनेजर लेखी अर्ज घेऊन ठाण्यात आले. साताऱ्याकडचे, बोलायला गोड, वसाहतीत वजन असलेले. त्यांच्या ऑफिसातला कॉम्प्युटर वारंवार बंद पडत होता. सकाळी बटण दाबलं की काळ्या पडद्यावर एक ओळ यायची आणि यंत्र तिथंच अडून बसायचं. शेजारच्या काही कारखान्यांतही तेच. दुरुस्तीवाला सगळीकडे एकच.

"साहेब," मॅनेजर म्हणाले, "डॉक्टरच रोग पेरत असेल तर पेशंटनं जायचं कुठं?"

वाक्य मला पटलं. संशयाचं असंच असतं, चांगल्या शब्दांत सांगितला की तो पुराव्यासारखा वाटायला लागतो. कॉम्प्युटरसाठी वेगळा कायदा तेव्हा नव्हता. आमच्या हाताशी फसवणूक आणि आगळीक, म्हणजे दुसऱ्याच्या मालाचं मुद्दाम नुकसान, ही दोनच कलमं. मी अर्ज चौकशीवर घेतला आणि त्या माणसाला बोलावणं धाडलं.

तो किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यातला. बापाची होडी, आई मासळी सुकवून विकणारी. तो एकटाच मुंबईला जाऊन हे काम शिकून आला होता. तिशीचा, ताठ मानेचा. ठाण्यात आलेला माणूस सहसा आधी हात जोडतो. यानं आधी खुर्ची ओढली. मला तो तिथंच आवडला नाही.

चौकशीत एक गोष्ट सगळ्या ऑफिसांतून सारखीच कळली होती. काम करताना हा इतरांना पाठ फिरवायला लावायचा. पडद्याकडे कुणी बघायचं नाही. दोन-चार बटणं वाजायची, की यंत्र सुरू. मी तिथूनच सुरुवात केली.

"पाठ फिरवायला का सांगतोस?"

"माजा धंदा हाय तो."

"चोराचाही धंदाच असतो."

"चोर पाठ फिरवा म्हनत नाय, साहेब. तुमी फिरवाल म्हनून वाट बघतो."

आमचे हवालदार हसले. मी त्यांच्याकडे बघितल्यावर ते गंभीर झाले.

"नीट सांग. यंत्राला होतं काय, आणि तू करतोस काय?"

"कॉम्प्युटर उठतो तवा आदी फ्लॉपीत बघतो, मग सोताच्या पोटात. पोटात त्याचा पयला पाठ असतो, कसं उठायचं त्याचा. तो बिघडला का उठत नाय. मी माज्या फ्लॉपीवरनं त्याला उठवतो, पोटातला पाठ नवा लिवतो. झालं."

"आणि बिघडवतो कोण?"

"व्हायरस. कुनाच्या तरी फ्लॉपीतनं येतो."

"तुझ्याच फ्लॉपीतून."

त्यानं सोबत आणलेल्या फ्लॉप्यांच्या डब्यातून एक काढून टेबलावर ठेवली. जुन्या पद्धतीची, तळहातापेक्षा मोठी, पातळ आणि वाकणारी. काळ्या आवरणाच्या मधल्या लांबट खिडकीतून आतली तपकिरी चकती दिसत होती. कडेला एक खाच, आणि तिच्यावर चिकटवलेली पट्टी.

"ही पट्टी बघा. खाच बुजवली का फ्लॉपीवर नवीन काय लिवता येत नाय. व्हायरस पन नाय. शिकून आलो तवा लावली, ती आजून हाय. ही कुनाकडं पन तपासा. घान निघाली तर मी वसाहतीत परत पाय ठेवनार नाय. नाय निघाली, तर तुमी सगळ्या गेटवर जाऊन सांगायचं का मानूस चोख हाय. हाय कबूल?"

"कबूल," मी म्हणालो.

हा शब्द मी दिला होता. हवालदार साक्षीला होते.

आता जप्ती. दोन पंच बोलावले, एक हॉटेलवाला, एक सायकल दुकानदार. त्याआधीच्या वर्षी पालघरच्या कोर्टात माझी एक केस पडली होती. मुद्देमाल पाकिटात होता, सील पाकिटावर होतं, आणि बचावाचा वकील म्हणाला, आतली वस्तू बदलली नाही कशावरून? वरिष्ठांनी मला त्यावरून खूप सुनावलं होतं. तेव्हापासून माझा नियम ठरलेला. दोरा वस्तूतूनच ओवायचा आणि लाख दोऱ्याच्या गाठीवर, वस्तूला धरून ओतायची.

हवालदार घुटमळले. "पाकिटात घालू का, साहेब? नाजूक दिसते."

"पाकीट बदललं म्हणतील. दाभण द्या."

केसपेपर शिवायचं दाभण मी हातात घेतलं तेव्हा तो पहिल्यांदा खुर्चीतून उठला.

"साहेब, भोक नको. भोक पाडलं का ती मेली."

मला काय वाटलं ते आज सरळ लिहितो. मला वाटलं, सापडला. आतापर्यंत मान ताठ, आणि सील म्हटल्यावर घाबरला. एरवी मापात बोलणारा माणूस कशाला घाबरतो ते बघायला आम्ही शिकलेलो असतो. तो कशासाठी घाबरला हे बघायला मात्र कुणी शिकवलेलं नसतं.

"खाली बस," मी म्हणालो. "कायद्याचं काम चाललंय."

दाभण आरपार गेलं. दोरा ओवला, गाठ मारली, मेणबत्तीवर लाख वितळवली. एक थेंब ओघळून त्या लांबट खिडकीत गेला. मी त्यावर ठाण्याची मोहोर दाबली. पंचांनी चिठ्ठीवर सह्या केल्या. त्यानंतर कुठल्याच प्रश्नाला त्यानं उत्तर दिलं नाही, आणि मी चौकशीच्या टिपणात लिहिलं की संशयित सहकार्य करत नाही.

तपासायला मुंबईहून एक इंजिनियर आले. त्यांनी सील फोडलं, फ्लॉपी उजेडात धरली, भोकातून माझ्याकडे बघितलं.

"हे कशाचं?"

"दोऱ्याचं. त्यानं काय होतं?"

"आता काही होत नाही," ते म्हणाले. "आता हिच्यात काय होतं ते देवालाही वाचता येणार नाही."

मी त्यांच्याकडून एका ओळीचा अभिप्राय घेतला, वाचता येत नाही एवढाच. आणि माझ्या अहवालात वाक्य लिहिलं: 'संशयिताने सादर केलेली फ्लॉपी वाचण्यायोग्य आढळून आली नाही.' यातला एक शब्द खोटा नाही. नोकरीत मी अशी वाक्यं लिहायला चांगलीच शिकलो होतो.

पुरावा नाही म्हणून त्याला सोडलं. पण वसाहतीत बातमी पोहोचली ती अशी, की यानं स्वतःची फ्लॉपी आधीच खराब करून पोलिसांना दिली. वॉचमन त्याला गेटवरच अडवू लागले. डबा घेऊन या गेटवरून त्या गेटवर फिरताना मी त्याला जीपमधून बघितलं आहे. गाडी थांबवली नाही.

पुढचा भाग याहून वाईट आहे.

त्याच सुमारास माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न जमवत होतो. अर्ज देणाऱ्या मॅनेजरांनी स्वतः एक स्थळ आणलं, त्यांच्या नात्यातलं, चांगलं घर. पत्रिका जुळवायची होती. ते म्हणाले, "भटजीकडे कशाला जाता? शेजारच्या कारखान्यात ऑपरेटर बाई आहेत, त्यांच्याकडे माझी पत्रिका जुळवायची फ्लॉपी गेलीय. जेवणाच्या सुटीत छापून देतील."

दुसऱ्या दिवशी जन्मवेळ घेऊन मी गेलो. बाई डबा खाऊन नुकत्याच येत होत्या. दुपारी वीज गेली होती, ती आल्यावर त्यांनी यंत्राचं बटण दाबलं. पडद्यावर ओळ आली, यंत्र अडलं.

"बिघडलं का?" मी विचारलं.

"नाही हो. मघाशी एक पत्रिका काढली आणि फ्लॉपी आतच विसरले." त्यांनी फ्लॉपी ओढून काढली, एक बटण दाबलं, यंत्र सुरू झालं. "रोजचंच आहे. तुम्ही बसा."

यंत्र उठतं तेव्हा आधी फ्लॉपीत बघतं. त्याचं ते वाक्य मला त्याच्याच आवाजात आठवलं. आत विसरलेल्या फ्लॉपीतला व्हायरस असाच पोटात शिरत असणार, आणि यंत्र मरत असणार ते पुढं काही दिवसांनी.

"ही फ्लॉपी आणखी कुठं जाते?"

"कुठं जात नाही ते विचारा. ज्याच्या घरी लग्नाचं, तो नेतो." त्यांनी हसत हसत कारखाने सांगितले. ते सगळे त्या अर्जात होते. "आणि एक सांगू, साहेब? हिच्यावर लिहिता येणार नाही असं काही करू नका म्हणतात, नाहीतर नवीन मुलांच्या पत्रिका साठवता येत नाहीत."

तिच्या खाचेवर पट्टी नव्हती.

वसाहतभर लग्नं जमवत फिरणारी ती फ्लॉपी यंत्रं मारत होती. तो दुरुस्त करून जायचा आणि पुढच्या लग्नसराईत ती परत यायची. बाईंनी कागद माझ्या हातात ठेवला. गुण चांगले जुळले होते.

माझं काम त्या क्षणी उघड होतं. फ्लॉपी जप्त करायची, यावेळी पाकिटात, आणि त्या माणसाचं नाव धुऊन काढायचं. मी ते केलं नाही. त्याला निर्दोष म्हणायचं तर पहिला प्रश्न येणार होता की त्याच्या फ्लॉपीचं काय झालं. आणि दोषी ठरणार होते माझे होणारे सोयरे. मी मॅनेजरांना बाजूला घेऊन एवढंच म्हणालो, "ती पत्रिकेची फ्लॉपी बंद करा."

त्यांनी काही विचारलं नाही. हुशार माणूस. फ्लॉपी गायब झाली, बहिणीचं लग्न झालं, आणि कॉम्प्युटर बंद पडायचे थांबले.

आणि तेच त्या माणसाला भोवलं. त्याला गेटवर अडवलं, आणि यंत्रं मरायची थांबली. आणखी काय पुरावा पाहिजे? चहावाला मला म्हणाला, "देखा साब? डॉक्टर गया, बीमारी गयी." मी चहा संपवला.

काही वर्षांनी एका कारखान्यानं जुना कॉम्प्युटर ठाण्याला भेट दिला. तो थोडे दिवस चालला आणि एका सकाळी काळ्या पडद्यावर ओळ आणून बसला. मी दौऱ्यावर होतो. परत आलो तेव्हा हवालदार कुणाला तरी माझ्याच टेबलाशी घेऊन उभे होते. किनाऱ्यावरच्या बर्फाच्या कारखान्यात कामाला असलेल्या माणसाला त्यांनी मोटरसायकलवर बसवून आणलं होतं. हात बर्फानं फाटलेले. मान तशीच.

"पाठ फिरवू का?" हवालदारांनी विचारलं.

"नको. बघा आता. लपवून कुनाचं पोट भरायचं हाय?"

त्यानं खिशातल्या फ्लॉपीवरून यंत्र उठवलं, एक ओळ लिहिली. यंत्र सुरू झालं.

"एवढंच?" हवालदार म्हणाले.

"एवढंच. म्हनून तर बघू द्यायचो नाय."

मग त्यानं आमच्या कोऱ्या फ्लॉपीवर सुरुवातीचा पाठ उतरवला, खाचेवर पट्टी चिकटवली आणि फ्लॉपी माझ्यासमोर ठेवली.

"पुन्ना बंद पडला तर ही लावा. मला बोलवायला नको." आणि उठता उठता, आवाज न चढवता, "हिला भोक पाडू नका, साहेब."

हवालदार खिडकीबाहेर बघू लागले. मी म्हणालो, "चहा घेऊन जा."

"होड्या येतील आता, बर्फ द्यायचा हाय," तो म्हणाला आणि गेला.

या प्रकरणानं काय शिकवलं असं कुणी विचारलं तर मी सांगेन की संशय घ्यावा, पोलिसानं तो घेतलाच पाहिजे. पण ज्यानं तपासायला हातात दिलं आणि जपा म्हटलं, त्याच्यावर संशय घेताना मी तो स्वतःवरही घ्यायला हवा होता. माझ्यावर संशय घ्यायला तेव्हा कुणी नव्हतं. ठाण्यात अधिकाऱ्यावर कोण घेणार?

मी सगळ्या गेटवर सांगेन असं कबूल केलं होतं. त्यातली कितीतरी गेटं आता बंद आहेत. जी उघडी आहेत तिथं हे कुणी वाचत असेल, तर माझ्या अहवालातलं ते वाक्य खोडून त्या जागी हे वाचावं: संशयिताने सादर केलेली फ्लॉपी चांगल्या स्थितीत होती. तिच्यात दाभण मी घातलं. माणूस चोख होता.