मावशींची कात्री

मावशी माणसाचा चेहरा नंतर बघायच्या, आधी कापड बघायच्या. पदराचं टोक दोन बोटांत धरून चुरगाळायच्या आणि म्हणायच्या, "मऊ झालंय. टाकायचं आसंल तवा मला दे." नगरसेवकांच्या बायकोच्या पैठणीलाही त्यांनी बोटं लावली होती. "हिला अजून ईस वर्सं लागतील," असं सांगून त्या भांडी घासायला निघून गेल्या.

नगरच्या सावेडीत आमच्यासह चार घरची धुणीभांडी आणि उरलेल्या वेळात गोधड्या, हा त्यांचा उद्योग. तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेल, जिच्यासमोर जुनी साडी नेसून जायची भीती वाटते.

दर हिवाळ्यात आमच्या सोसायटीसमोरच्या मैदानात तिबेटी निर्वासित स्वेटर विकायला येतात. कर्नाटकातल्या वसाहतीतून येतात, थंडी सरली की परत जातात. मागच्या हिवाळ्यात पुण्याच्या एका संस्थेला वाटलं, त्यांनी आणि आपण मिळून काहीतरी कला करावी. हॉलवर 'कापडातून संवाद' असा फलक लागला. संवाद साधायला सतरा बायका आल्या. त्यातल्या सोळा स्वेटर स्वस्तात मिळतील म्हणून, आणि सतरावी मी, हॉलची किल्ली माझ्याकडे होती म्हणून.

सगळ्यांनी जुनी कापडं आणायची आणि एक मोठी गोधडी शिवायची, असं ठरलं. संस्थेच्या ताई म्हणाल्या, "आपापल्या मुळांबद्दल बोला." मावशी म्हणाल्या, "आदी सुई ओवा, मग बोला." तिथून हॉलवर त्यांचंच राज्य. फक्त डोल्मा नावाच्या पन्नाशीच्या स्वेटरवालीचा टाका बघून त्या गप्प झाल्या. दोघी शेजारी बसू लागल्या. ही मराठीत बोलायची, ती हिंदीत, आणि भांडण मात्र दोघींना नीट समजायचं.

मग मावशींनी घोळ घातला. डोल्मानं खिडकीत काढून ठेवलेलं एक पट्ट्यापट्ट्यांचं, झिजून लोण्यासारखं झालेलं कापड त्यांच्या बोटांना लागलं. इतकं मऊ कापड गोधडीसाठीच आणलेलं असणार, असं त्या धरून चालल्या. डोल्मा चहा घेऊन आली तोवर त्याचे आठ तुकडे झाले होते.

तो तिच्या आईचा, कमरेला बांधायचा एप्रन होता. तो बांधूनच आई डोंगर ओलांडून भारतात आली होती. तिबेटातली तेवढीच एक वस्तू घरात उरली होती. डोल्मा ओरडली नाही. "माँ का था," म्हणाली आणि दुकानावर गेली. ती परत हॉलमध्ये आली नाही.

मावशींनी जन्मात कुणाची माफी मागितली नव्हती, त्यामुळे ते जमेना. तीनदा दुकानापर्यंत गेल्या आणि स्वेटरच्या शिवणीला नावं ठेवून परत आल्या. चौथ्या दिवशी ट्रंकेतलं पांढरं लुगडं घेऊन हॉलमध्ये आल्या. नागपूरला दीक्षा घेताना त्यांच्या आईनं नेसलेलं.

"अहो मावशी, हे नको," मी म्हणाले.

"तिच्या आईचं कापलं, माज्या आईचं न्हाई कापायचं व्हय?"

आणि कापलं. कापताना रडल्या, नाक मात्र माझ्या पदराला पुसलं. मग एप्रनचे आठही तुकडे त्या पांढऱ्या कापडावर शिवून ते गोधडीच्या मधोमध बसवलं.

डोल्मा बघायला आली नाही. थंडी सरली, दुकानं उठली. मावशी कपडे वाळत घालताना मला विचारायच्या, "माफ केलं आसंल का गं तिनं?" मी हो म्हणायचे. "तुला काय ठावं," म्हणायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायच्या. पावसाळ्यात काविळीनं आठ दिवसांत गेल्या. मला त्यांची फार आठवण येते.

या हिवाळ्यात डोल्मा आली. मावशी गेल्याचं सांगून मी तिला हॉलमध्ये नेलं. गोधडी भिंतीवर टांगलेली, खाली 'हात लावू नये' अशी पाटी. तिनं आईचे पट्टे लगेच ओळखले. मग पांढऱ्या कापडावर हात ठेवून विचारलं, "ये किसका?"

"मावशी की माँ का. मावशी ने खुद काटा."

मग खुर्चीवर चढून तिनं गोधडी खाली उतरवली. सोसायटीचे सेक्रेटरी धावत आले, "अहो, ती संस्थेची आहे." मी त्यांना गप्प बसवलं. आयुष्यात फार कमी कामं मी इतक्या आनंदानं केली आहेत.

आता डोल्मा गोधडी मांडीवर घेऊन दुकानात बसते. परवा एका बाईंनी स्वेटर सोडून गोधडीचाच भाव विचारला. डोल्मानं गोधडी जरा जवळ ओढली.

"बेचने का नहीं," ती म्हणाली. "मावशी ने दी है."